सात मिनिटं

"सात मिनिटं चालतो, मग आपोआप बंद पडतो,"
माजिवड्याच्या शलाकाबाई म्हणाल्या, "आणि वास येतो."

कसला वास, हे मी विचारतेच.
रबराचा? केसांचा? जळक्या धुळीचा?
त्या थांबल्या. "इस्त्रीखाली नायलॉन गेल्यासारखा."
म्हणजे वार्निश.
म्हणजे वाइंडिंग अजून शाबूत आहे, नुसता ताप चढतोय.

बावीस वर्षं मी वागळे इस्टेटीत आर्मेचर गुंडाळली,
सोळा नंबरच्या रस्त्यावर, मिक्सरच्या मोटरींच्या कारखान्यात.
तिथे आता काचेची इमारत आहे.
मी इकडे किसननगरच्या गाळ्यात,
एक स्टूल, एक मल्टिमीटर, आणि बोटांना अजून तांब्याचा वास.

यंत्र चालू केलं. आवाज चढा होता.
पाईप काढून तोंडावरच तळवा धरला, तरी ओढ नाही.
म्हणजे पाईप निर्दोष, घसा आत बसलाय.

नव्या पोरांना हे पटत नाही, म्हणून पुन्हा सांगते:
हवेची वाट अडली की ही मोटर दमत नाही,
उलट सुसाट सुटते.
ओढायला काही नाही, म्हणून भार नाही,
म्हणून नुसती किंचाळत पळते.
आणि जिने गार राहायचं
ती हवाच आत येत नाही.
सातव्या मिनिटाला कटआउट टक् करतो:
बास, बाई. बस आता.

"यात ओढता काय?"
"घरातला केर. केस. अजून काय असणार?"

मी फिल्टर उघडला.
कागदाच्या घड्यांत वर पांढरा थर,
त्याखाली गुलाबी, मग पोपटी,
मग हळदीसारखा, पुन्हा गुलाबी.
नखाने खरवडला.
शिरगोळ्याची पूड.

मी काही बोलले नाही. पेचकस पुसत राहिले.

"सासूबाई," त्या म्हणाल्या.
"सहाला उठून दारासमोर काढतात. एकविसावा मजला.
लॉबी सामायिक आहे, सोसायटीची दोन पत्रं आली,
मी त्यांना दाखवली नाहीत.
त्या पूजेला बसल्या की पावणेआठला मी…"
हाताने हवेतच पाईप फिरवून दाखवला.
"आवाज?"
"पूजेला बसताना कानातलं मशीन काढून ठेवतात.
त्यांना वाटतं, लोकांच्या पायांनी जाते.
खूश होतात. म्हणतात, आपल्याकडे वर्दळ फार."

वरचं बेअरिंग जात्यासारखं घरघरत होतं.
कार्बनचे ब्रश झिजून डाळीएवढे,
कम्युटेटर काळा, पण पट्ट्या सगळ्या बोलत होत्या,
मीटरवर एकसारख्या.
मागच्या गल्लीत नेऊन कंप्रेसरची हवा मारली
तर गुलाबी-पोपटी ढग उठला,
शेजारचा वेल्डर इक्बाल काच वर करून बघतच राहिला,
त्याच्या चहावर जरा बसला.

जोडून परत लावला.
आवाज खाली उतरला, पोटातून यायला लागला.
आम्ही दोघी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.
सात.
आठ.
बाराव्या मिनिटाला त्यांनी पदर सैल केला.

"रांगोळी केरसुणीने भरत जा."
"केरसुणीची रेघ राहते हो. त्यांना कळेल."
यावर माझ्याकडे काही नव्हतं.
मग म्हटलं, दर रविवारी फिल्टर झटका,
आणि एक जादा घेऊन ठेवा.

बिलावर लिहिलं: बेअरिंग एक, ब्रश दोन,
फिल्टर दोन, मजुरी.
बिघाडाचं कारण, या रकान्यापाशी पेन थांबलं.
"घरी बिल कोण वाचतं?"
"सासूबाई. हिशेब त्याच ठेवतात."

मी लिहिलं: धूळ.